बाबांचं मंगलाष्टक आणि दुसऱ्या कंपनीचा हेडफोन

आमच्या घरात वायरी, प्लग, रिमोट, केबलवाला आणि पुढे मोबाइल हे सगळं खातं माझ्याकडे होतं. ते मला कोणी दिलं नव्हतं, मीच ओढून घेतलं होतं. मिक्सर बंद पडला की आईने त्याला हात लावण्याआधी मी ओरडायचो, आणि बाबांनी टीव्हीचा रिमोट जरा जोरात दाबला तरी माझं सुरू व्हायचं. मला राग पटकन येतो. तो उतरतोही पटकन, असं मी सगळ्यांना सांगत असे. उतरेपर्यंत समोरच्याचं काय झालेलं असतं, ते मी पाहायला थांबत नसे.

मुंबईतली खोली विकून आम्ही भाईंदर पूर्वेला वन-बीएचके घेतला, त्याला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. बाबा रिटायर झाले होते, धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, आणि मी ठाण्याच्या एका ऑफिसात नोकरीला होतो. रोज घोडबंदरवरून बसने जायचो. त्याच वर्षी मी पहिला स्मार्टफोन घेतला. टचस्क्रीन. घरी आणला त्या दिवशी शेजारचे गुजराती काकासुद्धा हात धुऊन बघायला आले होते.

बाबांची सगळ्या नात्यागोत्यात एक ओळख होती, मंगलाष्टकं म्हणणारे म्हणून. कुणाचंही लग्न असो, माइक शेवटी त्यांच्या हातात यायचा. रचनाही त्यांचीच असायची. मुलाकडची-मुलीकडची नावं, गावं, कुलदैवतं, सगळं शार्दूलविक्रीडितात बसवायचे. त्यासाठी महिना महिना आधी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड केल्यासारखं लिहीत बसायचे. पण त्यांचा एक नियम होता आणि तो ते कधी मोडत नसत. अंतरपाट धरलेला नसताना मंगलाष्टक मोठ्याने म्हणायचं नाही. प्रॅक्टिसलासुद्धा नाही. ‘सावधान’ म्हणायचं आणि समोर कोणीच नाही, हे बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या वडिलांनी त्यांना तसंच शिकवलं होतं. त्यामुळे घरात ते फक्त ओठ हलवून म्हणायचे आणि बोटांवर मात्रा मोजायचे. मला ते फार हास्यास्पद वाटायचं आणि मी तसं बोलूनही दाखवायचो.

बहिणीच्या लग्नाची आठही कडवी त्यांनी साखरपुड्याच्या आधीच लिहून ठेवली होती. मग त्यांचा आवाज बसला. पावसाळ्यात बसतो तसाच असेल म्हणून आम्ही काढ्यांवर दोन महिने घालवले. मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टरांनी गळ्यात दुर्बीण घालून पाहिलं, आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनची तारीख लग्नाच्या दीड महिना आधीची मिळाली. लग्न पुढे ढकलू या असं आई म्हणाली, पण बाबांनी ते ऐकूनच घेतलं नाही.

रेकॉर्डिंगची कल्पना माझीच. फोनमध्ये आवाज साठवायचा आणि लग्नात हॉलच्या माइकला लावायचा. बाबांना ते पटलं, पण नियम होताच. अंतरपाट पाहिजे. म्हणून ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात, पंखा बंद करून, खिडकी लावून, आम्ही अंतरपाट धरला. बाबांच्याच उपरण्याचं एक टोक आईच्या हातात, दुसरं माझ्या. उपरण्याच्या पलीकडे, फ्रिजला टेकून, बहीण घरातल्या गाऊनवर उभी, हातात वाटीभर अक्षता. नवरा मुलगा अर्थातच नव्हता. आईचे आणि माझे, दोघांचेही हात गुंतलेले, म्हणून फोन बाबांच्या हातात दिला. लाल गोल एकदा दाबायचा आणि सोडायचा, संपलं की परत एकदा दाबायचा, असं मी त्यांना तीन वेळा दाखवलं. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला होता, ते मला आठवतं.

पहिल्यांदा त्यांना सुरुवातीलाच खोकला आला, आणि बहिणीने घाबरून त्यावरच अक्षता टाकल्या. बाबांनी थांबवलं. दुसऱ्यांदा पाचव्या कडव्याला दाराची बेल वाजली. तिसऱ्यांदा मात्र पूर्ण झालं. आवाज घोगरा होता, वरचा सूर लागत नव्हता, पण प्रत्येक ओळीला शेवटच्या अक्षरावर रेंगाळायची त्यांची ती सवय होती, आणि ‘कुर्यात् सदा मंगलम्’ म्हणताना ते नेहमीसारखे मान किंचित उजवीकडे झुकवत होते. बहीण रडत होती. आईने उपरण्याचं टोक सोडलं नाही. झाल्यावर मी म्हटलं, ऐकून बघू या. बाबा म्हणाले, आता नाही, मांडवात. मी हट्ट धरला नाही. एवढी एकच गोष्ट मी त्या दिवशी त्यांच्या मनासारखी केली.

ऑपरेशन नीट झालं. बाबा घरी आले ते गळ्याला भोक आणि त्यावर पांढरं फडकं बांधून. त्यांच्यासाठी मी एक पाटी आणली होती, लहान मुलांची असते तशी, वरचा कागद उचलला की लिहिलेलं पुसलं जातं. ती ते सतत मांडीवर ठेवायचे. पहिले काही दिवस ते बोलायला तोंड उघडायचे आणि मग आठवल्यासारखं मिटायचे. आम्ही तिघंही त्या वेळी दुसरीकडे बघायचो.

याच दिवसांत माझ्या फोनबरोबर आलेला हेडफोन पँटच्या खिशातून धुण्याच्या मशीनमध्ये गेला आणि संपला. ड्रॉवरमध्ये माझ्या जुन्या फोनचा पडला होता. कंपनी दुसरी होती, पण माल चांगला, वायर जाड, मधे बोलायचं बटण. पिन घातली तर बरोबर बसली, टक् असा आवाजही आला. मी खूश. बसमध्ये गाणी लावली तेव्हा वाद्यं छान ऐकू यायची, गाणारा मात्र कुठेतरी लांब, दोन खोल्या पलीकडे गेल्यासारखा. मी समजलो, बहिणीच्या कॉम्प्युटरवरून घेतलेल्या फुकटच्या फायली, त्यात हे असंच असणार. उलट मीच तिला म्हटलं, तुझी गाणी सगळी कचरा आहेत.

लग्नाला चार दिवस राहिले होते. ऑफिसला जाताना काशीमिऱ्याच्या पुढे बस अडकली होती, आणि मला वाटलं, हॉलच्या माणसाला देण्याआधी मंगलाष्टक एकदा तपासून घ्यावं. नियम मोठ्याने म्हणण्यापुरता होता; कानात ऐकायला हरकत नाही, असा अर्थ मी माझ्यापुरता काढला. तिसरी फाइल लावली. पट्टी सरकत होती, सेकंद मोजले जात होते, आणि कानात काहीही नव्हतं. आवाज वाढवला. काही नाही. दुसरी लावली. तीही तशीच. एक गाणं लावून पाहिलं, ते वाजलं. म्हणजे हेडफोन ठीक, फोन ठीक. रेकॉर्डिंगच रिकामं. पहिली, खोकल्याची फाइल मी लावलीच नाही, तिच्यात होतं काय.

त्या दिवशी वायर उपसून फोन कानाला लावला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता त्याचा राग येत नाही, फक्त दमायला होतं. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं की गाणी वाजतात आणि बाबा वाजत नाहीत. आणि घरी मोठ्याने लावून बघायचं तर नियम होताच आडवा. रिकामी फाइल मोठ्याने लावून तरी काय ऐकायचं होतं?

संध्याकाळी घरी येऊन मी हेडफोन आईच्या कानात घातला. तिने श्वास रोखून ऐकलं आणि मान हलवली. बाबा पलंगावर बसून बघत होते. त्यांना काय चाललंय ते कळलं असावं, कारण त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला नाही. मी बोलायला लागलो.

“तीन वेळा दाखवलं होतं मी तुम्हाला. एक बटण दाबायचं होतं, बाबा. एक.”

याच्या पुढे मी आणखी बरंच बोललो. तुम्हाला कधीच काही नीट जमत नाही, हेही बोललो. आई मला थांबवत होती. भांडणात समोरून उत्तर आलं की आपण थांबतो, निदान श्वास घेतो. इथे उत्तर येणारच नव्हतं, त्यामुळे मी बोलतच राहिलो. माझं संपल्यावर बाबांनी पाटी घेतली आणि त्यांच्या त्या सरळ, ऑफिसच्या अक्षरात लिहिलं, ‘माझीच चूक. बटण नीट दाबलं गेलं नसेल.’ आम्ही वाचल्याची खात्री केली आणि कागद उचलून पुसून टाकलं.

हळदीच्या दिवशी फोटो काढताना फोनने सांगितलं की जागा भरली. मी त्या दोन मोठ्या रिकाम्या फायली पुसल्या आणि पुढचे फोटो काढले. त्याला दोन सेकंदही लागले नसतील.

लग्नात मंगलाष्टकं गुरुजींनी म्हटली आणि दोन कडवी आत्याने, छापील पुस्तकातून. बाबांनी लिहिलेली कडवी तिला दिली होती, पण ती वृत्तात अडखळायला लागली म्हणून तिने नाद सोडला. मी वर अक्षता टाकत होतो आणि अधूनमधून बाबांकडे पाहत होतो. ते नव्या सदऱ्यात, गळ्याला स्वच्छ फडकं बांधून, अंतरपाटाच्या बाजूला उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. पुस्तकातल्या शब्दांवर नाही. ते स्वतःची कडवी म्हणत होते, कारण आत्या थांबल्यावरही त्यांची ओळ संपली नव्हती. आजूबाजूला कुणाचं लक्ष नव्हतं. अंतरपाट दूर झाला, बँड वाजला, आणि त्यांनी तोंड मिटलं. मला तेव्हा त्यांची दया आली. आजही त्या दयेची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

लग्नानंतर बहिणीची खोलीतली जागा रिकामी झाली आणि घर उगाचच मोठं वाटायला लागलं. त्यात मला हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली. बाबा कुठल्याही बटणाला हात लावेनात. टीव्ही बघायचा असेल तर आईला खूण करायचे. पंखा लावायला मला. एकदा मी बाहेरून येत होतो तर ते खाली लिफ्टपाशी उभे. लिफ्ट वरच्या मजल्यावर, आणि हे नुसते उभे. किती वेळ थांबलात, असं विचारलं तर त्यांनी खांदे उडवले. मी बटण दाबलं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, दळण घेऊन येतानाही कोणीतरी येईपर्यंत ते असेच उभे राहतात, तू बोललास तेव्हापासून. मी म्हटलं, मी सगळ्यांनाच बोलतो. ती म्हणाली, हो, पण आम्ही तुला उलट बोलतो.

यावर मी काय करायला हवं होतं? माफी मागायची तर कशाची? बटण त्यांनीच चुकवलं होतं, असं मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटत होतं. मी फक्त जास्त बोललो होतो.

मग एका शनिवारी केबिन रोडला गेलो होतो. तिथे मोबाइलच्या वस्तूंचं एक चिंचोळं दुकान होतं, पन्नाशीचे मारवाडी गृहस्थ एकटेच चालवायचे. गाण्यांतला गायक अजूनही लांबच होता, आणि आता बहिणीच्या कॉम्प्युटरला दोष देता येत नव्हता, कारण ती गाणी मी दुसरीकडून घेतली होती. नवा हेडफोन घ्यावा म्हणून जुना दाखवला. त्यांनी तो माझ्या फोनला लावला, त्याचं एक टोक स्वतःच्या कानात घातलं, आणि हसले. त्यांना हे रोजचं असावं.

“दूसरी कंपनी का है ना? पिन सेम दिखता है, अंदर का लाइन अलग है. ये बटन दबाके रखो, फिर सुनो.”

मी मधलं बटण दाबून धरलं. लांब गेलेला गायक एकदम कानात आला. सोडलं, गेला. दाबलं, आला. मागे रिक्षा हॉर्न वाजवत होत्या, कुणीतरी मला बाजूला व्हायला सांगत होतं, आणि मी ते बटण दाबत आणि सोडत उभा होतो. मग मी विचारलं, आणि विचारतानाच मला उत्तर माहीत होतं, की एखाद्याचं नुसतं बोलणं रेकॉर्ड केलं असेल, मागे वाद्यं काही नाहीत, तर? ते म्हणाले, तो कुछ नहीं सुनाई देगा, एकदम खाली लगेगा. फोन में तो बराबर रहेगा.

पुसलेल्या फायली परत येतात का, हेही विचारलं. त्यांनी फोन आपल्या कॉम्प्युटरला जोडून बराच वेळ खटपट केली आणि शेवटी मान हलवली. जागा पुन्हा वापरली गेली होती. हळदीचे फोटो तिथे बसले होते. जाताना त्यांनी नवा हेडफोन काढून ठेवला, पण मी तो घेतला नाही. दुकानाबाहेर, उसाच्या गाड्याशेजारी उभा राहून मी यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिली. पहिली फाइल होती. सात सेकंदांची. हिला कुणी रिकामी म्हटलं नव्हतं आणि कुणी पुसलंही नव्हतं. मी बटण दाबून धरलं आणि ती लावली.

आधी उपरण्याची सळसळ. मग खोकला. मग अक्षता लादीवर पडल्याचा आवाज. आणि मग बाबा, घोगरे, जरा हसत:

“थांब गं. परत घेऊ.”

एवढंच. माझ्या वडिलांचा आवाज माझ्याजवळ आता एवढाच शिल्लक होता, आणि तोही मंगलाष्टकाचा नव्हता. मी तिथे रडलो. उसवाल्याने स्टूल पुढे केलं.

दोन दिवस मी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं तर त्यांना कळणार की त्यांनी सगळं बरोबर केलं होतं आणि मी ते पुसून टाकलं. न सांगितलं तर ते लिफ्टपाशी उभे राहणार. आवाज परत आणून देणं माझ्या हातात नव्हतं. मंगलाष्टक परत आणणंही नव्हतं. एवढं खातं सांभाळणारा मी, माझ्या हातात फक्त त्यांच्यापुढे जाऊन उभं राहणं होतं, आणि तेच मला जमत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली. आई भाजीला गेली होती. बाबा खिडकीशी पाटी घेऊन बसले होते. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं, हेडफोन, बटण, हळदीचे फोटो, सगळं, त्यांच्याकडे न बघता. मग हेडफोनचं एक टोक त्यांच्या कानात घातलं, मधलं बटण माझ्या अंगठ्याने दाबून धरलं, आणि फाइल लावली. मला काही ऐकू येत नव्हतं. मी फक्त त्यांचा चेहरा बघत होतो. सात सेकंद झाले.

मला वाटलं, आता ते लिहितील. मी तयार होतो. मला खरंतर ते हवं होतं. त्यांनी पाटीवर काहीही लिहिलं असतं, मला घराबाहेर काढलं असतं, तरी मला सुटल्यासारखं वाटलं असतं. त्यांनी पाटी मांडीवर नीट ठेवली, आणि सावकाश लिहिलं, ‘म्हणजे मी दाबलं होतं.’

मी मान हलवली. हो बाबा, म्हटलं, तीनही वेळा. त्यांनी ते वाक्य स्वतःच एकदा वाचलं, आणि त्यांचा चेहरा असा मोकळा झाला, की गेले कितीतरी दिवस ते कशाखाली दबून बसले होते ते मला तेव्हा कळलं. माझ्यावर रागवायचं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मग त्यांनी माझा अंगठा हळूच उचलून बाजूला केला, त्या बटणावर स्वतःचा ठेवला, घट्ट दाबला, आणि दुसऱ्या हाताने मला खूण केली, परत लाव.